उजव्या पायाचं माप

९ जानेवारी

बारक्या,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट बाजूला ठेवलं असणार आणि शेवटी तुझ्या बायकोने ते उघडलं असणार, असं धरूनच लिहिते आहे. तिला माझे आशीर्वाद. तिने हे तुला मोठ्याने वाचून दाखवावं, तू जेवत असलास तरी.

फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर आपल्या घरातली माणसं तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतात. पत्रात निदान एकाला तरी आपलं बोलणं पुरं करता येतं.

कामाचं लिहिते. सोबत दोन कागद आहेत. त्यांवर पाय ठेवून पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढली आहे, एकावर उजवा आणि एकावर डावा. माप संध्याकाळी घेतलंय, दिवसभराची सूज धरून, तेव्हा ते विचारून माझं डोकं खाऊ नकोस. पंजाचा घेर, टाचेचा घेर आणि घोट्यापर्यंतची उंची बाजूला लिहिली आहे. माझ्या एका पेशंटचं माप आहे हे.

माझं काम अजून तेच आहे. औषधांच्या दुकानामागची खोली, वरखाली होणारी खुर्ची, मानेवर वाकणारा दिवा आणि हत्यारं उकळायचं यंत्र. लोकांची नखं कापायची, घट्टे तासायचे, कुरपं काढायची आणि मग त्यांना रागवायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त चालतं. नख सरळ कापा, कोपऱ्यात शिरू नका, बोटांच्या मधली जागा कोरडी करा, एवढं सांगायला माणसाला शिकावं लागतं यावर माझं मलाच हसू येतं. पण कोपऱ्यात शिरलेली नखं घेऊन माणसं येतच राहतात आणि माझं बरं चाललंय.

तर हा पेशंट. म्हातारा आहे, शुगर जुनी आहे, आणि तळपायाची जाणीव गेली आहे. ती तपासायला आमच्याकडे एक नायलॉनचा जाड धागा असतो. पेशंटने डोळे मिटायचे, आपण तळव्याला ठिकठिकाणी धागा टेकवायचा, आणि त्याला कळलं की त्याने 'हो' म्हणायचं. या गृहस्थांनी डोळे मिटून जोरात 'हो' म्हटलं तेव्हा धागा माझ्या हातातच होता, पायाला लागलाच नव्हता. वर मला म्हणाले, बघ, सगळं कळतंय.

उजव्या अंगठ्याच्या मागे, पंजा जिथे टेकतो तिथे मोठा घट्टा आहे. तासला तर खाली काळसर डाग निघाला. आत रक्त साकळलंय. आता थांबवलं तर थांबेल, नाही तर तिथे जखम होईल, आणि शुगरच्या माणसाच्या पायाची जखम कुठवर जाते ते तुला मी सांगायला नको. तो माणूस अजून टोकाला निमुळते, कडक तळाचे जोडे घालून रुबाबात फिरतो. त्याला रुंद, खोल, आत एकही शिवण नसलेला, मऊ गादीचा जोडा हवा आहे. इथे कोणी करत नाही. तुमच्या कारखान्यात तेवढंच करतात, आणि तिथली अवघड पावलं तुझ्या टेबलावर येतात असं मी ऐकून आहे.

करशील ना? माणूस हट्टी आहे, पण पाय चांगला आहे.

आप्पा बरे आहेत. दुकानात जातात. तुझं नाव काढत नाहीत, म्हणजे विसरलेले नाहीत.

तुझी
ताई


११ फेब्रुवारी

बारक्या,

पकडलंस मला.

खोकं काल आलं. वरच ठेवलेली तुझी चिठ्ठी वाचली आणि मी खोलीचं दार लावून घेतलं, कारण बाहेर दोन पेशंट बसले होते आणि मला हसू का रडू ते कळत नव्हतं. 'तुझ्या पेशंटच्या उजव्या पायाचं दुसरं बोट वर उचललेलं आहे, मी शाळेत असताना त्यावर लोखंडी साचा पडला होता. रेघेत उंची दिसत नाही. मी जागा सोडली आहे.' बस, एवढंच. ना ताई, ना नमस्कार. तुमच्या दोघांच्या बोलण्यातला हा काटकसरीपणा मला कधी जमला नाही.

आप्पांचेच पाय आहेत. नाव लिहिलं असतं तर तू केले नसतेस असं मला वाटलं. आता वाटतं की केले असतेस. मग माझं लपवणं फुकट गेलं म्हणायचं. असू दे.

तुझ्या बायकोला सगळं ठाऊक नसेल तर सांगून टाक, उगाच तिला कोड्यात ठेवू नकोस. आप्पांनी जन्मभर निमुळते जोडे केले, मोठमोठी माणसं त्यांच्याकडून जोडे करून घ्यायची, आणि अंगठे वाकडे झाले की त्याच माणसांना त्यांच्या बायका माझ्याकडे घेऊन यायच्या. घरात ही थट्टाच होती, वडील बिघडवतात आणि लेक दुरुस्त करते. मी थट्टेवर नेलं, तू नेलं नाहीस. तू आजारी पायांचे जोडे शिकायला निघालास, तेव्हा ते म्हणाले की तो जोडा नव्हे, खोका आहे, आणि माझ्या मुलाने खोके करावेत हे मला बघायचं नाही. तू म्हणालास की तुमच्या जोड्यांनी माणसं लंगडी होतात. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, म्हणून दोघांनाही इतकं लागलं. त्यानंतर तू या घरात आला नाहीस.

तर आता पुढचं. मी आप्पांना म्हटलं, एका कंपनीचे जोडे आलेत, घालून बघा. त्यांनी घातले नाहीत. आधी उजवा जोडा उलटा केला. वास घेतला. टोक आणि टाच धरून वाकवून बघितला, आत हात घालून बोटं फिरवली, मग खिडकीपाशी नेऊन मागची शिवण कितीतरी वेळ बघत राहिले. तुला माहीतच आहे, ते शेवटचा टाका मागे फिरवून आत लपवतात. तसा दुसरं कोणी घालत नाही.

म्हणाले, "कंपनीचं नाव मला सांगू नकोस."

मी म्हटलं, बरं.

मग खुर्चीत बसले, माझ्याकडून बंद बांधून घेतले, आणि खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या घातल्या. पेशंट ताटकळत होते. आप्पा थांबायचं नाव काढेनात. शेवटी म्हणाले, टाच बरी बसलीये. तू त्यांच्या हाताखाली काम करत होतास त्या सगळ्या काळात हे वाक्य तुझ्या वाट्याला आलं होतं का? म्हणून मुद्दाम कळवते.

रोज रात्री तळवे आरशात बघायचे, जोडा घालण्याआधी आत हात फिरवायचा, आणि मोजे पांढरे घालायचे म्हणजे कुठे रक्त आलं तर दिसेल, हे सगळं बजावलं. पांढऱ्या मोज्यांचं ऐकून त्यांनी असा चेहरा केला की जणू मी त्यांना फ्रॉक घालायला सांगितला. दर आठवड्याला शेवटचे पेशंट म्हणून त्यांनी खुर्चीत बसायचं असं ठरलंय.

तुझी
ताई


४ मार्च

बारक्या,

तुझं पत्र आलं. या खेपेला चांगलं पानभर लिहिलंस. 'चालताना त्रास होतो का' हे तू तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं आहेस. होत नाही. झाला तर त्यांना कळणार नाही, म्हणून मी बघते, आणि मला तरी काही दिसलं नाही. काळा डाग फिका पडलाय, घट्टाही पूर्वीसारखा दगड झालेला नाही. इतकी वर्षं मी पाय बघते आहे, एवढ्या लवकर फरक पडलेला फार क्वचित दिसतो. तुझ्या मालकांना सांगितलंस तरी चालेल.

आणखी एक फरक पडला आहे. आप्पा घरी सापडत नाहीत. दुकान उघडायचं, तासभर बसायचं आणि काही तरी निमित्त काढून बाहेर पडायचं, असं चाललंय. दोरा आणायला जातात, सुया आणायला जातात. परवा म्हणे घड्याळवाल्याकडे वेळ बघायला गेले होते, मनगटावर घड्याळ असताना. प्रत्येक दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं आणि समोरच्याची नजर खाली जाईपर्यंत बोलत राहायचं. नजर गेली की म्हणतात, हां, जरा वेगळे आहेत, मुलाने पाठवलेत.

हो, मुलाने. कंपनीचं नाव मला सांगू नकोस म्हणणारा माणूस सगळ्या बाजाराला ते सांगत फिरतोय. मला हे घड्याळवाल्याकडून कळलं. आप्पांना विचारलं तर म्हणाले, घड्याळवाल्याला ऐकू कमी येतं.

समोरचा प्लॅस्टिकच्या चपला विकणारा तुला आठवत असेल, जो आप्पांना 'उस्ताद' म्हणून चिडवायचा. त्याने जोडे बघितले आणि म्हणाला, उस्ताद, जोडा चुंचूं करतोय की. खरंच करतो थोडा, उजवा. तुमच्याकडे यावर काही उपाय असेल तर कळव. मला त्याचं काही नाही, पायाला आवाजाने जखम होत नाही. पण आप्पांचं त्या दिवशी जेवणात लक्ष नव्हतं.

तुझी
ताई


२२ मार्च

बारक्या,

आप्पांना इस्पितळात ठेवलं आहे. काळजीचं कारण नाही. ठेच लागून उजव्या पायाला जखम झाली आणि ती थोडी चिघळली. शिरेतून औषध चालू आहे, ताप उतरला आहे. सर्जन बाई हुशार आहेत, माझ्या ओळखीच्या आहेत.

जोड्याचा काही संबंध नाही.

तू लगेच निघायची गरज नाही. कळवत राहीन.

ताई


३० मार्च

बारक्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला फसवणं सोपं नाही हे मी फेब्रुवारीतच शिकायला हवं होतं. बंद जोड्यात ठेच लागून पंजाच्या खाली जखम होत नाही, हे तू लिहिलंस ते बरोबर आहे. पण त्यापुढे तू जे ठरवून मोकळा झालास ते चूक आहे. जागा कमी सोडली असेल, गादी कडक झाली असेल, आतली कडेची दुमड घासली असेल, अशी तू स्वतःवरच फिर्याद लावलीस, स्वतःच शिक्षा दिलीस, आणि मालकाला सांगून टेबल सोडून खोकी भरायच्या खोलीत जाऊन बसलास. तुझ्या टेबलावर ज्यांची मापं पडली आहेत त्या माणसांनी आता अनवाणी फिरायचं का?

मी खोटं लिहिलं, कारण आप्पांनी तसं सांगितलं होतं. आता खरं लिहिते. त्यांना हे कळल्यावर ते माझ्याशी बोलायचे नाहीत. चालेल.

त्या दिवशी ते नेहमीसारखे शेवटचे पेशंट म्हणून आले. खुर्चीत बसून भाड्याच्या घरांबद्दल काही तरी सांगत होते. पाय माझ्या मांडीवर. मोजा तपकिरी, कारण पांढरा मोजा चामड्याच्या जोड्यावर शोभत नाही. मोजा हाताला ओलसर लागला. काढला तर तळव्याला चिकटलेला, आणि वास असा की पुढे बघायची गरज नव्हती. अंगठ्याच्या मागे, जिथे तो डाग होता त्याच्या जरा आत, एक बारीक भोक आणि भोवती सगळं लाल आणि सुजलेलं. दाबलं तर पू आला. आप्पांचं भाड्याच्या घरांचं बोलणं चालूच होतं. मी तिथे बोट दाबते आहे आणि ते मला सांगताहेत की वरच्या मजल्यावर पाणी येत नाही. बारक्या, मी हे रोज बघते, पण आपल्या बापाचा पाय मांडीवर असताना ते बघणं वेगळं असतं.

मी जोडा घेतला, आत हात फिरवला. काहीच लागेना, छान मऊ गादी. मग मूठ आवळून, अंगाचा भार टाकून त्याच जागी दाबली, आणि बोटाच्या पेराला टोचलं. गादी उचलली तर खाली खिळा. बारीक, लोखंडी, आपल्या दुकानातला, टोक वर.

त्या चपलावाल्याच्या बोलण्याने ते बेचैन झाले होते. जोडा चुंचूं करतो म्हणजे आतली गादी तळाला नीट धरलेली नाही, हे त्यांना ऐकूनच कळलं होतं. ती गादी तुम्ही मुद्दाम सुटी ठेवता, झिजली की बदलता यावी म्हणून, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांच्या हिशेबाने मुलाच्या हातून एक काम राहून गेलं होतं. मग त्यांनी तो जोडा दुकानात नेला, तुझी गादी बाहेर काढली, तिच्या खालचा पातळ थर तळाच्या बाजूने कडेकडेने खिळे मारून पक्का केला, वरून गादी परत घालून थोडं चिकटवायचं सोल्युशन लावलं. चुंचूं बंद झाली. दुसऱ्या दिवशी चपलावाल्याच्या दारावरून तीनदा गेले.

एरवी ते खिळा मारताना जोडा लोखंडी साच्यावर चढवतात, म्हणजे टोक खालच्या लोखंडावर आपटून मुरडतं आणि आतल्या आत बसतं. हे आपण लहानपणापासून बघतोय. पण तुझा जोडा इतका मऊ आणि इतका रुंद की लोखंडी साच्यावर त्याचा आकार बिघडेल अशी त्यांना भीती वाटली. म्हणून लाकडी साचा घातला. लाकडात टोक मुरडत नाही, सरळ घुसतं. साचा काढताना बाकीचे खिळे त्यांनी पक्कडीने बसवले, हा एक राहिला. वरच्या गादीच्या जाडीत तो दिसला नाही, हाताला लागला नाही, कारण हात हलका असतो. माणूस उभा राहिला की गादी दबते आणि टोक वर येतं. पाय उचलला की परत आत. रात्री आरसा घ्यायचा त्यांना कंटाळा, पण रोज सकाळी ते माझ्या सांगण्याप्रमाणे आत हात फिरवत होते आणि रोज दिवसभर त्या टोकावर चालत होते. दुसऱ्या कोणाचा पाय असता तर पहिल्या पावलाला ओरडला असता.

मी खिळा काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांना लगेच कळलं. पायाकडे बघितलंही नाही, खिळ्याकडेच बघत राहिले.

म्हणाले, "त्याला सांगू नकोस."

मी म्हटलं, "आप्पा, आधी इस्पितळात चला. पाय जाईल."

"पाय जाऊ दे. माझ्या हातून जोड्यात खिळा वर राहिला, हे त्याला कळता कामा नये. ठेच लागली म्हण."

मी विचारलं, तुम्ही तो जोडा उघडलातच कशाला? मला विचारायचं, त्याला विचारायचं. मी जरा जोरातच बोलले, रागावणं हा माझा धंदाच आहे. तेव्हा ते म्हणाले, आणि हे शब्द मी जसेच्या तसे लिहिते आहे, "त्याच्या कामाला लोकांनी नावं ठेवलेली मला चालायची नाहीत."

आता सांग, मी काय करायला हवं होतं? मी तुला ठेच लिहिली. मला वाटलं तेवढ्याने भागेल. मला दोन्हीकडे सांभाळायचं होतं आणि मी दोन्हीकडे घोळ घातला. तू तिकडे स्वतःला दोष देत बसलास आणि आप्पा इकडे भिंतीकडे तोंड करून पडलेत.

पायाचं म्हणशील तर स्पष्ट लिहिते. जंतू हाडापर्यंत गेले आहेत. सर्जन बाईंनी पहिल्या दिवशी गुडघ्याखालून काढावा लागेल असंही बोलून ठेवलं होतं. आता म्हणतात की पायात रक्त चांगलं वाहतंय, तेव्हा अंगठा आणि त्याच्या मागचं थोडं हाड काढून बाकीचा पाय राखता येईल असं वाटतं. परवा ऑपरेशन आहे. उघडल्यावरच कळेल. मला भीती वाटते. इथे तसं म्हणायला कोणी नाही म्हणून तुला लिहिते.

तू टेबलावर परत जा. जोडा चांगला होता.

ताई


१८ एप्रिल

बारक्या,

तुझं उत्तर नाही. तुझ्या बायकोची चिठ्ठी आली. तू अजून खोकी भरतोस आणि घरी कोणाशी बोलत नाहीस, असं तिने लिहिलंय. म्हणजे मी जे लिहिलं ते तुला पटलेलं नाही, ताई समजूत घालायला गोष्ट रचते आहे असं तुला वाटतंय. एकदा खोटं लिहिल्याचं हे फळ, मी तक्रार करत नाही.

पाय राहिला. अंगठा गेला, त्यामागचं हाड गेलं, बाकी सगळं आहे. जखम खालून भरत येते आहे, लाल आणि स्वच्छ. रोज ड्रेसिंग मी करते. आप्पा माझ्या घरी आहेत आणि त्यांचा पाय उशीवर. सुरुवातीचे काही दिवस ते त्याकडे बघायला तयार नव्हते. मग एक दिवस मी बँडेज सोडलं तेव्हा उठून बसले आणि कितीतरी वेळ बघून म्हणाले की आता याला कुठलाही साचा बसणार नाही. खरंय. अंगठा गेल्यावर पंजाचा भार दुसरीकडे जातो, शेजारची बोटं वाकायला लागतात. कागदावर पेन्सिल फिरवून याचं माप निघणार नाही. समोर बसून, हाताने दाबून, प्लॅस्टरचा ठसा घेऊनच काढावं लागेल. आणि त्यांना चालायचं असेल तर ते लवकर काढावं लागेल, नाही तर जुन्या जोड्यात पाय घालून दुकानात जायला ते कमी करायचे नाहीत.

काल मी त्यांना सांगून टाकलं की बारक्याला सगळं कळवलंय, खिळ्याचंसुद्धा. ते दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी विचारलं, मग तो काय म्हणाला? मी म्हटलं, काही नाही, त्याला खोटं वाटतंय. आणि तुझं मार्चमधलं पत्र काढून वाचून दाखवलं. कडेच्या दुमडीचं वाचलं, मालकाला काय सांगितलंस ते वाचलं, खोकी भरायच्या खोलीचं वाचलं. मध्येच म्हणाले, थांब. आणि तोंड फिरवलं. मी त्यांना रडताना आई गेली तेव्हाही बघितलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, तिथे त्याच्या टेबलावर ज्यांची मापं आहेत त्यांचे जोडे कोण करतंय? मी म्हटलं, मला काय माहीत, कदाचित कोणीच नाही. तर एकदम ओरडले की मग ती माणसं घालतील काय. मला बरं वाटलं, खूप दिवसांनी ओरडले.

आज सकाळी त्यांनी कागद मागितला. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. म्हणाले, तू लिहिलंस तर तो विश्वास ठेवणार नाही. दुपारभर लिहीत होते. मी वाचलेलं नाही. जसं दिलं तसं आत घालते आहे.

ताई


चि. बारक्यास,

ताईने लिहिलं ते खरं आहे. खिळा मी मारला. लाकडी साच्यावर मारला आणि पक्कड फिरवायची राहिली. तुझ्या जोड्यात खोट नव्हती. मी आतून बाहेरून बघितला आहे. मला असा करता आला नसता.

हे मी तुला त्या पहिल्या दिवशीच कळवायला हवं होतं. तेव्हा लाज वाटली. आता पाय अर्धा गेल्यावर कसली लाज. तू जाताना मी जे बोललो ते चुकीचं होतं. ते मला जोडा पायात घातल्यावर कळलं. तळव्याला काही कळत नाही, पण गुडघ्याला कळतं, कमरेला कळतं. मी पुष्कळ वर्षांनी न थकता बाजाराच्या टोकापर्यंत जाऊन आलो.

खोकी भरणं सोड आणि उद्याच्या उद्या टेबलावर जा. लोकांना वाट बघायला लावू नये. माझ्या हाताखाली असताना तू कधी लावली नाहीस.

तिथलं काम हातावेगळं झालं की माझं माप घ्यायला ये. ताई म्हणते प्लॅस्टर ओलं असताना पाय दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागतो. तू धरलेलं मला कळणार नाही. पण मी बघत बसेन.

आप्पा